चाकणच्या वस्तीवरील हँडलाचे अंतर्धान

वाचकांस आरंभीच गंभीरपणे विदित करतो की, पुढील सहा प्रकरणांत एका लोखंडी वस्तूच्या नाहीसे होण्याची व सापडण्याची हकीकत सांगण्याचे मी योजिले आहे. या हकीकतीत रक्त सांडलेले नाही, पिस्तूल झाडले गेलेले नाही, आणि बुरखाधारी इसम कोठेही नाही. तथापि एका मनुष्याची भाकरी दुपारी दोनपासून चारपर्यंत हवेत लोंबकळत होती. तो मनुष्य प्रस्तुत लेखकच असल्यामुळे प्रसंगाचे गांभीर्य त्यास पूर्णपणे ठाऊक आहे. सर्व पुरावे जसे माझ्यापुढे आले तसे मी वाचकांपुढे ठेवीत आहे. जो ध्यान देऊन वाचील त्यास उत्तर माझ्याआधी सापडेल. मला ते सापडलेच नव्हते, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

प्रकरण पहिले : रिकामा खांब

सन एकोणीसशे सत्तावन्न, आश्विन शुद्ध नवमी, म्हणजेच खंडेनवमी. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. चाकणच्या पलीकडे गेनबा यांच्या वस्तीवर पुरणपोळीचे भोजन आटोपून मी ओट्यावर आलो, आणि हँडल घेण्यासाठी खांबाकडे हात नेला. हात रिकामाच परत आला.

हँडल म्हणजे काय, हे मोटारीत न बसलेल्या वाचकांसाठी सांगणे अवश्य आहे. माझ्या ताब्यातील डॉज मोटारीचे बटण दाबून सुरू होण्याचे यंत्र दोन वर्षांपूर्वीच निधन पावले होते. तदनंतर तिच्या नाकात एक वाकडा लोखंडी दांडा घालून तो जोराने फिरवावा, तेव्हाच ती जागी होत असे. हा दांडा म्हणजेच हँडल. ते नसेल तर मोटार म्हणजे चार चाकांचा पेटारा होय. हँडल मी कधीही मोटारीत ठेवीत नाही. शिपाई दंडुका बाळगतो तसे ते मी सर्वत्र हाती घेऊन हिंडतो आणि जेथे बसेन तेथे नजरेसमोर उभे करतो. त्या दिवशीही बारा वाजता वस्तीवर पोहोचताच मी ते ओट्याच्या खांबाशी टेकविले व मागील दारी पाय धुण्यास गेलो. तसाच मागल्या दाराने आत जाऊन पाटावर बसलो. तेवढीच माझी पाठ फिरली.

मोटार माझी नव्हती. ती चिंचवडच्या हिंदुराव यांची. सकाळीच त्यांनी मला बजाविले होते, "ज्योतीराम, तुला माहिती सांगण्याचा नाद लागला की घड्याळ दिसत नाही. गेल्या महिन्यात दोन पाहुण्यांच्या गाड्या चुकवल्यास. आज पाहुण्यांची साडेपाचची आगगाडी चुकली तर उद्या दसऱ्याला मोटारीच्या चाव्या माझ्या मेव्हण्याच्या हातात. समजलं?"

चाकणहून चिंचवडपर्यंत सव्वा तास लागतो. म्हणजे चार वाजता निघालो तरच माझी जागा राहणार होती. आणि खांब तर रिकामा होता!

प्रकरण दुसरे : मोटारीतील मंडळी

आता मंडळींची ओळख करून देतो. चिंचवड स्टेशनाबाहेर माझी पाटी होती : 'दिवसभर मोटार, वाटाड्या सोबत, मार्ग पाहुण्यांच्या मर्जीप्रमाणे.' वाटाड्या मीच. पाहुणे होते कराडचे रंगराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई. आणि रंगरावांच्या थोरल्या भगिनी इंदुताई, ज्यांनी एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत गणित शिकविले होते. त्या प्रश्न विचारीत असता समोरचा मनुष्य आपोआप उभा राहत असे.

'मर्जीप्रमाणे' हा शब्द पाटीवर लिहिल्याचा पश्चात्ताप मला रावेतच्या अलीकडेच झाला. रंगरावांना कारखाने पाहावयाचे होते, सुभद्राबाईंना देव.

"ड्रायव्हर, पिंपरीकडे वळव. त्या चिमण्या जवळून बघायच्या आहेत," रंगराव म्हणाले.

"चिमणीला काय हात जोडायचे?" सुभद्राबाई म्हणाल्या. "ज्योतीराम, आधी मोरयाचं देऊळ."

"देऊळ कुठं पळत नाही!"

"आणि चिमणी पळते होय?"

इंदुताई मध्ये बसून नकाशा पाहत होत्या. "दोघांचं म्हणणं एकाच रस्त्यावर आहे," त्या म्हणाल्या. "भांडण थांबवा, म्हणजे ज्योतीरामला रस्ता दिसेल."

याप्रमाणे चिमणी, देऊळ, पुन्हा चिमणी, मग देहू, मग आळंदी, मग चाकणचा किल्ला असा आमचा प्रवास घडला. प्रत्येक ठिकाणी मोटार बंद करावी लागे आणि प्रत्येक ठिकाणी मी हँडल मारीत असे.

एक गोष्ट सकाळची. स्टेशनाबाहेर इंदुताईंची पांढरी खादीची पिशवी मी उचलून मोटारीत ठेविली, तेव्हा तिच्या बंदावर तांबडा डाग उमटला.

"पान खातोस?" त्यांनी विचारले.

"नाही, ताई."

"मग हे काय?"

"काहीतरी लागलं असेल, ताई," मी म्हणालो, आणि हात पाटलोणीस पुसला.

त्या माझ्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. त्या दृष्टीचा अर्थ मला दुपारी कळावयाचा होता.

प्रकरण तिसरे : थंडगार भट्टी

हँडल नाही हे कळताच वस्तीवर हलकल्लोळ उडाला. गेनबा हा माझा जुना स्नेही. कांद्याचा बागायतदार, पाहुणे घरी आले म्हणजे त्यांना जाऊच देऊ नये अशा स्वभावाचा. त्याने गोठा पाहिला, कांद्याची चाळ पाहिली, आणि अखेर आनंदाने घोषणा केली, "न्हाई गावत! आता पाव्हनं आज मुक्कामाला! उद्या दसऱ्याचं शिलंगान करूनशान जा!"

सुभद्राबाईंनी ओट्यावर पाय पसरले. "मला चालेल हो. मघाशीच मी म्हटलं होतं, हे चाक इथंच रुतलं तर बरं."

रंगरावांचा चेहरा मात्र संतप्त झाला. ते मला म्हणाले, "ड्रायव्हर, खरं सांग. मुक्काम पडला की उद्याही मोटार तुझीच लागणार. हँडल तूच कुठं सारलंस ना?"

ज्याची भाकरी जाणार त्यानेच ती चोरली, असा तो आरोप होता.

"साहेब, मला नोकरी घालवायची असती तर सोपे मार्ग पुष्कळ होते," एवढेच मी बोलू शकलो.

तथापि बोलण्याने मोटार चालत नाही. आम्ही सहा जणांनी ती ढकलण्याचा प्रयत्न केला. वस्तीची वाट भुसभुशीत असल्यामुळे मोटार वीस हात गेली, ज्वारीच्या सरमाडाच्या गंजीत तिने नाक खुपसले, आणि तेथेच ती स्वस्थ उभी राहिली.

"गेनबा, बैल जुंपून ओढू," मी म्हणालो.

"बैल हायती," गेनबा म्हणाला, "पन जू आनि दोर आयनं पुजेला मांडल्यात. आज हलायची न्हाईत."

तेव्हा मी धावत गावात गेलो. तेथे दादू लोहार यांची भट्टी आहे. दुपारी ते वस्तीवर येऊन पुरणपोळी घेऊन गेले होते, आणि जाताना त्यांच्या खांद्यावर एक जड पोते होते, हे गेनबाच्या गड्याने पाहिले होते. पोत्याचा संशय माझ्या मनात होताच. परंतु त्याहून अधिक मला नवे हँडल हवे होते.

भट्टी थंडगार होती. राखेवर झेंडूचे फूल होते. ऐरण, घण, सांडशी सर्वांना कुंकू लागलेले होते.

"दादूभाऊ, एक दांडा वाकवून द्या. तासाभराचं काम आहे. माझी भाकरी वाचवा!"

"ज्योतीराम, उद्या सोनं लुटून आल्यावर दोन वाकवून देतो," दादू शांतपणे म्हणाले. "आज न्हाई. पुजलेल्या घनाला मी हात लावत न्हाई. माझ्या बापानं लावला न्हाई. पोत्याचं म्हनशील तर उघडून बघ, गेनबानं कांदं दिल्यात."

पोत्यात कांदेच होते. मी लज्जित होऊन परत फिरलो. त्या वेळी तीन वाजले होते.

प्रकरण चौथे : इंदुताईंची तोंडी परीक्षा

परत येऊन पाहतो तो ओट्यावर पाट मांडून इंदुताई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रंगा, तू आरडाओरडा थांबव. ज्योतीराम, बस. नाही, उभाच राहा. किल्ल्यापाशी मोटार कशी सुरू झाली?"

"हँडल मारून."

"पूर्ण वाक्यात."

"किल्ल्यापाशी मी हँडल मारून मोटार सुरू केली, ताई."

"म्हणजे हँडल किल्ल्यावर राहिलेलं नाही, आळंदीत राहिलेलं नाही. ते या वस्तीवर आलं. बारानंतर इथून बाहेर कोण गेलं? दादू लोहार, कांदे घेऊन. आणखी कोणी नाही. म्हणजे हँडल इथंच आहे. हे झालं अर्धं गणित." त्या वळल्या. "वहिनी, तू कुठं होतीस?"

"इश्श, वन्सं, माझ्यावरही संशय?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मी चुलीपाशी होते. पोळ्या लाटत होते. विचारा हवं तर, सात पोळ्या यांनीच खाल्ल्या."

"पाच," रंगराव म्हणाले.

"गेनबा?"

"मी शेतात पान्याच्या बारीवर हुतो, ताई. आलो त्यो जेवायलाच. हांडल मी डोळ्यानंसुदिक बघितलं न्हाई. आनि मी कशापायी लपवू? पाव्हन्यास्नी राहा म्हनायला मला त्वांड हाय की!"

तेवढ्यात गेनबाची आई सरुबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या पुढच्या, दृष्टीने अधू, कपाळावर रुपयाएवढे गोंदण. रंगरावांनी मोठ्याने विचारले, "आजी, मोटारीचं हँडल पाहिलंत का?"

"मला काय ठावं बाबा मोटारीतलं? मी मोटारीच्या अंगाला बोटसुदिक लावलं न्हाई. आज माझ्यामागं लई काम. सवाष्णीसारखी नटली हाय बगा पूजा! औंदा देवीची किरपा झाली. मालक व्हतं तवापासनं सातच व्हती. औंदा येक वाढलं."

"वाढलं ना, बरं झालं," रंगराव अधीर होऊन म्हणाले. "पण हँडलाचं बोला."

"हांडल बिंडल मी न्हाई बघितलं," म्हणून त्या आत गेल्या.

इंदुताईंनी मांडीवरील पिशवी उचलली, बंदावरील तांबड्या डागावर बोट फिरविले, ते बोट नाकाशी नेले, आणि माझ्याकडे पाहिले.

"ज्योतीराम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळच्या प्रश्नाचं उत्तर तू अपुरं दिलंस. आता पुरं कर. स्वतःची भाकरी जायची वेळ आली असतानासुद्धा तू काय लपवतो आहेस?"

साडेतीन वाजले होते.

प्रकरण पाचवे : लपविलेली गोष्ट

वाचकहो, जी गोष्ट मी तुमच्यापासूनही दडवून ठेविली होती ती आता सांगतो. तिच्यात चोरी नाही, पण लाज आहे.

मोटारीची पूजा करण्याचा मान मालकाचा. हिंदुराव ती संध्याकाळी नारळ फोडून करणार होते. मी नोकर. परंतु माझ्या वडिलांनी आयुष्यभर खंडेनवमीला आपला वस्तरा पुजला. माझ्याही मनाला वाटले की आपल्या हातचे एखादे हत्यार असावे. मोटार परक्याची, चाव्या परक्याच्या. पण त्या हँडलाला माझ्याच तळहाताचे घट्टे ठाऊक आहेत. म्हणून पहाटे कोणी पाहत नसता मी हँडल धुतले, त्याला हळदकुंकू लाविले, झेंडूचे फूल वाहिले व नमस्कार केला.

आणि मग सात वाजता तेच पुजलेले हत्यार घेऊन दिवसभर राबविले.

"म्हणून बोललो नाही, ताई," मी मान खाली घालून म्हणालो. "वहिनीसाहेब देवभक्त. पुजलेल्या हत्यारानं मोटार चालवतो म्हटल्यावर त्या बसल्या नसत्या."

"बसले नसतेच!" सुभद्राबाई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "पण मग आळंदीला कशी गेले असते?"

इंदुताई उभ्या राहिल्या. सर्वजण आपोआप उभे राहिले.

"ऐका. सगळ्यांनी खरं सांगितलं आहे, म्हणून तर कोडं सुटत नव्हतं. आपण विचारत होतो, मोटारीचं हँडल कोणी पाहिलं? ज्याला मोटारच ठाऊक नाही त्याला तिचं हँडल कसं दिसणार? बारा वाजता या घरात पूजा मांडायची घाई. दारातल्या खांबाशी एक वाकडं लोखंड उभं आहे. त्याला कुंकू लागलेलं आहे. अधू दृष्टीच्या बाईनं काय समजावं? हेच की लेकानं नवं अवजार आणलं, कुंकू लावलं आणि पूजेसाठी दारात ठेवलं. लेक पाण्यावर, विचारायला कोणी नाही. आता मघाचं आठवा. इतकी वर्षं सात, यंदा एक वाढलं. सात काय?"

गेनबा बोटे मोजू लागला. "कोयता, इळा, कुऱ्हाड, पहार, खुरपं, टिकाव, फाळ. सात."

"आणि तू यंदा नवं काय घेतलंस?"

गेनबाने आ वासला. "म्या? काईच न्हाई!"

आम्ही सर्वजण देवघराकडे धावलो. पाटावर जू, दोर, आणि झेंडूच्या राशीखाली हत्यारे ओळीने निजलेली होती. सातव्याच्या पलीकडे, सर्वांत जास्त फुले ज्याच्यावर होती, त्या आठव्याची वाकडी मान बाहेर डोकावत होती.

माझे हँडल! मी हात पुढे केला.

"खबरदार!" सरुबाई कडाडल्या. "पुजल्यालं हत्यार उद्या शिलंगान झाल्याबिगर हलायचं न्हाई!"

प्रकरण सहावे : आठ ते आठच

तीन वाजून पन्नास मिनिटे. चोर सापडला नाही कारण चोर नव्हता. वस्तू सापडली, आणि तरीही ती मिळत नव्हती. अशा अवस्थेत मी दाराच्या चौकटीस धरून उभा होतो.

इंदुताईंनी सरुबाईंना सर्व समजावून सांगितले. म्हातारी हळूहळू खाली बसली.

"म्हंजी हे आमचं न्हवं?" ती म्हणाली. "माझं सातच?"

रंगरावांनी टोपी काढून हातात घेतली.

मी पुढे होऊन सरुबाईंच्या पायांवर डोके ठेविले. "आजी, चूक माझी. पहाटे पूजा केली आणि नंतर वापरलं."

"पुजल्यालं वापरलंस? चिंचवडापासनं?"

"होय."

"कितींदा?"

"सात वेळा, आजी."

"आनि देवी कोपली न्हाई व्हय रे तुज्यावर?"

"कोपली की, सरुबाई," इंदुताई म्हणाल्या. "म्हणून तर तिनं ते ओढून इथं आणून बसवलं."

"बसिवलं तर बसू दे. उद्या न्ये."

"आजी, साडेपाचला चिंचवडला नाही पोहोचलो तर उद्या ते हँडल नेऊन मी काय करू?" मी विचारले. "मोटार दुसऱ्याची होईल. माझं म्हणून जे एक हत्यार आहे, तेवढंच हाती राहील."

सरुबाईंनी हँडलावरची फुले बोटाने सारखी केली. मग म्हणाल्या, "मी बसिवलं, मीच उठवीन. पन येक कबूल कर. म्होरल्या खंडेनवमीला ह्यो आकडा हितं आला पायजे. दिसभर हितं बसला पायजे. त्या दिशी तू त्येला राबवायचं न्हाई. माझं आठ ते आठच. हाय कबूल?"

मी हँडलावर हात ठेवून कबूल केले. म्हातारीने अक्षता टाकल्या, "हाल रे बाबा, तुला लई घाई हाय," असे म्हणून ते एका बोटाने हलविले, आणि माझ्या ओंजळीत दिले. ते इतके कुंकवाने माखले होते की हात घसरत होता. सहा जणांनी मोटार गंजीतून मागे ओढली. मी दांडा नाकात घातला, देवीचे स्मरण केले आणि फिरविला. पहिल्याच फेऱ्याला मोटार गरजली.

त्या दिवशी मोशीच्या चढावर मी कोणासही कसलीही माहिती सांगितली नाही. रंगरावच म्हणाले, "ज्योतीराम, ती डावीकडची नदी कोणती?"

"इंद्रायणी, साहेब," एवढेच मी बोललो.

"बरं. आणि मघाशी मी जे बोललो ते..."

"रंगा, पूर्ण वाक्यात," इंदुताई म्हणाल्या.

"मघाशी मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, ज्योतीराम, याचं मला वाईट वाटतं."

पाच वाजून एकवीस मिनिटांनी आम्ही स्टेशनात शिरलो. हिंदुराव हार घेऊन उभे होते आणि शेजारी त्यांचा मेव्हणा, कोऱ्या खाकी कपड्यांत, चाव्या ठेवण्यास खिसा उघडून. हिंदुरावांनी घड्याळ पाहिले, मग माझे तांबडे हात पाहिले.

"ज्योतीराम, अरे कोणाला मारून आलास?"

पाहुणे गाडीत बसण्यापूर्वी इंदुताईंनी तीन मिनिटांत त्यांना सर्व सांगितले. गाडी सुटल्यावर मी म्हणालो, "मालक, पुढच्या खंडेनवमीला मला रजा पाहिजे. हँडल चाकणला न्यायचं आहे."

"म्हणजे हँडल चाकणला आणि मोटार इथं?" मेव्हणा मध्येच म्हणाला. "मग मोटार चालणार कशी?"

"चालणार नाही," मी म्हणालो. "खंडेनवमी आहे."

हिंदुरावांनी हातातील हाराकडे पाहिले, मेव्हण्याकडे पाहिले, आणि तो हार प्रथम हँडलास घातला. चाव्या माझ्याकडेच राहिल्या.

त्या गोष्टीस आता दोन वर्षे झाली. दर खंडेनवमीस मी हँडल मांडीवर घेऊन एस.टी.ने चाकणला जातो. पहिल्या वर्षी कंडक्टर म्हणाला होता, "पाव्हणं, आमची गाडी बंद पडंल असा संशय हाय का तुम्हाला?" आता तो विचारीत नाही. सरुबाई दारातच उभ्या असतात. हँडल पाटावर बसले की त्या प्रत्येक हत्यारावर बोट ठेवून मोजतात, आणि आठव्याशी आल्यावर माझ्याकडे पाहून हसतात. मग दिवसभर मी गेनबाच्या ओट्यावर बसून जो येईल त्यास चाकणच्या किल्ल्याची माहिती सांगतो. त्या दिवशी माझी कोणतीही गाडी चुकण्यासारखी नसते.

येथे ही हकीकत पूर्ण झाली. चार यत्ता शिकलेल्या मनुष्याचे लिखाण शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट ज्यांनी घेतले, त्या सर्वांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. ज्यांना उत्तर पाचव्या प्रकरणाआधीच सापडले त्यांना माझा विशेष नमस्कार. इंदुताईंच्या वर्गात त्यांस पहिला नंबर मिळाला असता.

आपला नम्र,
ज्योतीराम बाबाजी काशीद,
मोटारचालक व वाटाड्या, चिंचवड स्टेशन.
आश्विन, सन एकोणीसशे एकोणसाठ.